घसारा

आमच्याकडे स्पोर्ट्स कार आहे, हे वाक्य मी बँकेत आजवर एकदाच उच्चारलं. दुपारच्या जेवणाची वेळ होती, डबे उघडलेले होते. कॅशियरने तोंडाजवळ नेलेला घास तसाच परत डब्यात ठेवला. कर्ज विभागातल्या बाईंनी "लोन कुठून घेतलं?" असं दुखावलेल्या स्वरात विचारलं. आणि शाखाधिकारी, ज्यांना माझा पगार कपातीसकट पाठ आहे, ते मान खाली घालून वरणभात कालवू लागले. माझ्या चारित्र्याबद्दल त्या दिवशी शाखेत जी शंका निर्माण झाली, ती पुढच्या रविवारी मंडळींनी गाडी प्रत्यक्ष पाहिल्यावरच फिटली. "अरे, ही तं पद्मिनी आहे जी!" कॅशियर म्हणाला. त्याच्या आवाजातला सुटकेचा भाव माझ्या जिव्हारी लागला, पण नोकरी वाचली याचंही समाधान झालं.

होय, पद्मिनी. १९७५ सालची प्रीमिअर पद्मिनी. रंग गर्द निळा, मधोमध पुढून मागपर्यंत एक रुंद पिवळा पट्टा, आणि नाकाच्या ठिकाणी, म्हणजे दोन दिव्यांच्या बरोबर मध्ये जाळीत, तिसरा दिवा. सोमवार ते शुक्रवार ती ताडपत्रीखाली असते. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद राहू लागल्या; देशाच्या अर्थव्यवस्थेचं त्यामुळे काय झालं ते मोठे लोक सांगतील, आमच्या गाडीला मात्र महिन्यातून दोन अभ्यंगस्नानं जास्त मिळू लागली. रविवारी ती रस्त्यावर येते. गोंदियाहून नागऱ्याच्या महादेवापर्यंत जाते आणि परत येते. सायकलवाले वळून बघतात. पुढे निघून गेल्यावर वळून बघतात, ही गोष्ट वेगळी.

ही गाडी माझी नव्हे, बाबांची. आणि बाबांचीही मुळात नव्हे, शेठजींची. गोंदिया म्हणजे तांदळाचं गाव. इथे राईस मिलचं भोंगं ऐकून घड्याळ लावणारी माणसं मी पाहिली आहेत. बाबा अशाच एका मिलमध्ये मुनीम होते. शेठजींनी १९७५ मध्ये नवी पद्मिनी घेतली तेव्हा तिची नोंद वहीत बाबांनी केली. पुढे दर मार्चअखेर तिच्यावर घसाराही बाबांनीच लावला. वाणिज्य न शिकलेल्या वाचकांसाठी सांगतो : घसारा म्हणजे वस्तू वापरून वापरून झिजते, म्हणून तिची किंमत वहीत दरवर्षी थोडी थोडी कमी करत जाणे. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० रस्त्यावर आली आणि देशभरच्या शेठजींची मनं एकदम पालटली. आमच्या शेठजींचा नंबर १९८६ मध्ये लागला. पद्मिनी दाराशी उभी राहिली. तेव्हा बाबा म्हणाले, "शेठजी, वहीत हिची जी किंमत उरली आहे, त्या किमतीला मी घेतो." शेठजींना वहीचा अभिमान होता आणि वही बाबांच्या हातची होती, नाही म्हणायला जागाच उरली नाही. बाकी पैसे पगारातून कापायचे ठरले. अकरा वर्षं ज्या हाताने त्या गाडीची किंमत उतरवली, त्याच हातात शेवटी तिची किल्ली आली. ही जगातली सर्वांत दीर्घ मुदतीची खरेदी असावी असं मला वाटतं.

आता मुनीम माणसाने गाडी घेतली तर काय करावं? पेट्रोलचा हिशेब लिहावा, लग्नकार्याला काढावी आणि गप्प राहावं. पण बाबांच्या डोक्यात काहीतरी निराळंच होतं. १९८० पासून हिमालयन कार रॅलीचे फोटो वर्तमानपत्रांत येऊ लागले होते. चिखलाने माखलेल्या, पट्टे ओढलेल्या, नंबर घातलेल्या गाड्या. बाबा ते फोटो कापून जमाखर्चाच्या जुन्या वहीत चिकटवत. मग एका दिवाळीच्या सुमारास त्यांनी पद्मिनीला स्पोर्ट्स कार करायला घेतलं. पुढचं लांबलचक बाकडं काढून नऊशे रुपयांत दोन बकेट सीटं बसवली. त्यांत आईला बसता येईना, आणि बसलं तर उठता येईना. नागपूरहून तीन सुरांचा हॉर्न आणला. तो वाजला की शेजारची गाय दूध चोरी. इंजिन दिसावं म्हणून, बॉनेट उघडून दाखवता यावं म्हणून, वायरींवरची रबरी टोपणं काढून टाकली. परिणामी पहिल्याच पावसात गाडी भर बाजारात बंद पडली. जाळीत मधोमध तिसरा दिवा लावला. आणि सरतेशेवटी पट्टा ओढला.

हा पट्टा घरच्या घरी ओढलेला आहे. चिकटपट्टी विकत आणणं बाबांच्या हिशेबात बसेना. तांदळाच्या गावात चिकटवायला काय कमी? आईने भाताची खळ शिजवली. बाबांनी रद्दीची वर्तमानपत्रं त्या खळीने गाडीला चिकटवून मध्ये वाट मोकळी ठेवली. मी सात वर्षांचा होतो. माझ्याकडे रंगाचा डबा धरायचं काम होतं. डबा मी नीट धरला होता. पट्टा वाकडा आला त्यात माझा काही दोष नाही.

पुढे कॉलेजात गेल्यावर मला या गाडीची लाज वाटू लागली. मित्र तिला 'तीन डोळ्यांची' म्हणत. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला मी घसारा शिकलो आणि घरी येऊन बाबांना ऐकवलं, "बाबा, जी वस्तू शून्य किमतीची झाली तिच्यावर भांडवली खर्च करणं हे हिशेबाच्या शास्त्रात बसत नाही." बाबा वहीवरून डोकं न उचलता म्हणाले, "शून्य कोण म्हणालं तुला?" एवढंच. मला वाटलं, मुनीम माणसाला शास्त्र काय कळणार.

बाबा जाऊन आता बारा वर्षं झाली. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी तिच्याबद्दल थोडंफार वाचायला लागलो. विकायची तर माल माहीत असलेला बरा, एवढाच हेतू होता. आणि वाचता वाचता मला एकेक धक्का बसू लागला.

पद्मिनी ही नावाची चितोडगडची, पण रक्ताची इटालियन, हे आपल्याला माहीत असतं. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली ती अमेरिकन घराण्यातली. फियाटशी सोयरीक नंतरची. १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. १९६४ मध्ये तिचा नवा अवतार आला, त्याला 'डिलाइट' म्हणत. सत्तरीच्या आरंभी ती 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. राष्ट्रपतीपदावरून थेट राणीपदी गेलेली ही एकमेव गाडी. पुढे साधारण २००० पर्यंत ती निघत राहिली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर ती टॅक्सी म्हणून दिसेनाशी झाली. त्या दिवशी पेपरात लोकांनी हळहळ व्यक्त केली. जन्मभर तिच्यात बसून मीटरवरून भांडलेलीच ही माणसं.

इथवर ठीक. पण तिच्या इंजिनाची कुळकथा काढली आणि मी खुर्चीत सरळ बसलो. हे १०८९ सीसीचं इंजिन दांते जाकोसा नावाच्या इंजिनिअरच्या हाताखालून १९३७ मध्ये फियाटच्या एका घरगुती गाडीसाठी निघालं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. आमच्या पद्मिनीची मापं हीच. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीत पैसा नव्हता, लोखंड नव्हतं, पण शर्यतीची खाज मात्र शाबूत होती. ट्यूरिनच्या पिएरो दुसिओ नावाच्या उद्योगपतीने 'चिसितालिया' या नावाने शर्यतीच्या गाड्या काढल्या आणि त्यांत इंजिन घातलं ते हेच, फियाट ११०० चं. शर्यतीच्या गाडीची रचनाही जाकोसाचीच.

१९४७ ची मिल्ले मिलिया घ्या. इटलीतली हजार मैलांची शर्यत, भर रस्त्यावरून. ताझिओ नुवोलारी हा त्या काळचा शर्यतीचा देव. वय चोपन्न, छाती खराब झालेली. तो बसला चिसितालियाच्या उघड्या गाडीत. समोर जवळजवळ तीन लिटरची, म्हणजे इंजिनाने पावणेतीनपट मोठी आल्फा रोमिओ. आणि हा गृहस्थ शर्यतीचा बराच भाग पुढे होता! शेवटी मुसळधार पावसात इंजिनाच्या विजेच्या भागात पाणी शिरलं, गाडी अडली, वेळ गेला आणि तो दुसरा आला. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बायकोला हाक मारली. "अगं, ऐकलंस का? पावसात विजेत पाणी शिरून नुवोलारीची गाडी बंद पडली!" ती म्हणाली, "अहो, आपलीही पडायची की. सासऱ्यांनी टोपणं काढली होती ना?" तिला मुद्दा कळला नव्हता. किंवा माझ्याआधी कळला होता.

चिसितालियाची बंद छताची '२०२' ही गाडी तर न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९५१ मध्ये आठ निवडक मोटारींच्या प्रदर्शनात मांडली. पुढे १९७२ मध्ये एक गाडी कायमची संग्रहात घेतली. म्हणजे ज्या इंजिनावर मुंबईची टॅक्सी धावली, त्याच घराण्याचं इंजिन पोटात घेऊन एक गाडी चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या पंक्तीत बसली आहे.

पण खरा धक्का पुढे होता. १९५३ मध्ये फियाटने ११०० चं नवं मॉडेल काढलं, तेच पुढे आपल्याकडे आलं. त्याच वर्षी त्यांनी तिची एक चपळ आवृत्ती काढली. नाव 'तुरिझ्मो वेलोचे', म्हणजे मराठीत 'वेगवान प्रवासी'. साध्या गाडीला छत्तीस घोड्यांची ताकद, हिला पन्नासच्या आसपास. रंग दुहेरी. आणि ओळखायची खूण कोणती? जाळीच्या मधोमध तिसरा दिवा!

त्या चित्राकडे मी कितीतरी वेळ बघत बसलो. बाबांनी हे कधी पाहिलं असण्याची सुतराम शक्यता नव्हती. त्यांच्या वहीत चिकटवलेली कात्रणं मी पुन्हा पुन्हा चाळली, सगळी रॅलीची. इटलीतल्या इंजिनिअरांनी १९५३ मध्ये ट्यूरिनला जो दिवा लावला, तोच भंडारा जिल्ह्यातल्या (गोंदिया तेव्हा भंडाऱ्यात होतं, आमचा जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला) एका मुनिमाने १९८७ मध्ये आपल्या अकलेने लावला. आणि मी त्याला तीन डोळ्यांची गाडी म्हणून हसलो.

मग मात्र विकायचा विचार मागे पडला आणि मला गाडी धुण्याचं वेड लागलं.

गाडी धुणं हे शास्त्र आहे हे मला चाळिशीनंतर कळलं. गोंदियात हवेत धूळ असते ती नुसती धूळ नसते. मिलमधून उडालेला धानाचा भुसा तिच्यात असतो. या भुशाची राख केली तर तिच्यात बहुतेक भाग सिलिकाचा निघतो. सिलिका म्हणजे वाळूची आणि काचेची सख्खी बहीण. कोरड्या फडक्याने गाडी पुसणं म्हणजे बारीक काचकागदाने गाडी घासणं. आधी भरपूर पाणी सोडायचं, मग दोन बादल्या घ्यायच्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं पिळून त्यातली माती सोडायची. वरून खाली यायचं, चाकं शेवटी. कपड्यांचा सोडा वापरायचा नाही, त्याने वरचं मेण निघून जातं. उन्हात धुवायची नाही, पाण्याचे डाग बसतात. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भांडीपण अशीच घासतात. तुम्हाला माहीत नसेल."

पॉलिश ही त्याच्या पुढची पायरी, आणि इथे इतिहास पुन्हा आडवा येतो. मोटारींच्या आरंभीच्या काळात गाडीला वार्निश हाताने देत. एकेक थर वाळायला दिवसच्या दिवस जात. सगळी रंगरंगोटी व्हायला आठवडे लागत. गाडी तयार, रंग ओला, म्हणून कारखाने तुंबत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने 'ड्यूको' हा पटकन वाळणारा रंग आणला आणि १९२४ च्या ओकलंड गाड्या त्याने निळ्या झाल्या. काम दिवसांत उरकू लागलं. पण त्या रंगाला एक खोड. तो उन्हापावसाने निस्तेज होई, त्याला घासून चमक आणावी लागे. तेव्हापासून रविवारी गाडी घासणारा गृहस्थ ही नवी जात जगात जन्माला आली. तिकडे मेण ब्राझीलच्या कार्नौबा ताडाच्या पानांचं वापरत. इकडे ज्याला जे सापडलं ते. आमच्याकडे बाबा टायरांना खोबरेल तेल लावत, आणि डांबराचे डाग रॉकेलने काढत. अंगणात रविवारी संध्याकाळपर्यंत लाडू-चिवड्याच्या घरात आग लागल्यासारखा वास येई.

मेण आणि पॉलिश यांत लोक गल्लत करतात. मेण झाकतं. पॉलिश घासतं. रंगाचा वरचा मेलेला थर अगदी थोडा खरवडून खालचा ताजा रंग वर आणणं, एवढंच पॉलिशचं काम. मोटारीच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण शंभर मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरचा दहावा हिस्सा. आताच्या गाड्यांना वर एक पारदर्शक थर असतो, म्हणून फडकं स्वच्छ राहतं. जुन्या गाडीला तो नसतो. तिला पॉलिश केलं की फडकं रंगतं. आमच्या घरी लहानपणापासून निळी फडकी दोरीवर वाळत असायची. मला वाटे तो पॉलिशचा रंग. तो गाडीचा होता. बाबा दर रविवारी इतक्या प्रेमाने घासत, की पुढच्या कडांवर खालचा तांबडा प्रायमर डोकावू लागला होता. घासणं आणि घसारा हे दोन शब्द एकाच घरचे आहेत, हे बी. कॉम.च्या तीन वर्षांत आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

इंजिनाचंही तेच. शर्यतवाले इंजिनाचं हेड मशीनवर थोडं घासून घेतात. त्यामुळे आतली जागा कमी होते, पेट्रोल आणि हवा जास्त दाबली जाते, आणि तेवढ्याच पेट्रोलात जोर जास्त मिळतो. मद्रासजवळच्या शोलावरमला, युद्धकाळातल्या धावपट्टीवर, अशा घासलेल्या फियाट वर्षानुवर्षं पळल्या. पण जास्त घासलं की मिश्रण नको तेव्हा पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं. बाबांनी हेही करून घेतलं होतं. आमचं इंजिन आजही चढावर दार ठोठावल्यासारखं ठोकतं. एकदा तर मागे बसलेल्या मावशींनी "कोण आहे?" असं विचारलं.

इतकं सगळं झाल्यावर २०२५ साल आलं आणि गाडी पन्नास वर्षांची झाली. तेव्हा मला नवा किडा चावला. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले आहेत. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली, फारशी फेरफार न झालेली गाडी असेल तर तिची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला ती काढायची नाही, पण आमची तशीही निघत नाही. उलट साध्या नोंदणीचं नूतनीकरण महाग होत चाललेलं. १ एप्रिल २०२२ पासून ते सहाशेवरून पाच हजार झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार. आकडेमोड करणाऱ्या माणसाला व्हिंटेजच परवडत होतं. शिवाय मान! बँकेत सांगायला 'व्हीए' केवढं!

अडचण एकच. 'मूळ रूपात.'

म्हणजे बाबांनी जे जे लावलं, ते ते काढायचं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कारखान्याने दिलेल्या रूपात मनमानी बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये बजावलं. तेव्हा मी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या बाबूजींनं जे पाच वर्षांत केलं, ते काढाले मले पाच महिने लागन." लागले सहा. बकेट सीटं निघाली, जुन्या मापाचं बाकडं करून घेतलं, साडेचार हजार. हॉर्न निघाला, शेजाऱ्यांनी गाय विकून दहा वर्षं झाली होती, पण तरी निघाला. वायरींवर रबरी टोपणं बसली. तिसरा दिवा काढला तेव्हा जाळीला भोक राहिलं. नवी जाळी शोधायला मी नागपूरच्या भंगार बाजारात तीन रविवार घालवले. बाबांनी बसवायला जेवढा खर्च केला, त्याच्या कितीतरी पट मी काढायला केला. हिशेबाच्या कुठल्या शास्त्रात हे बसतं, हे मला विचारू नका.

राहिला पट्टा. तो मी स्वतः काढायचं ठरवलं. मिस्त्रींनी सांगितलं होतं, पिवळा रंग वरचा आहे, हळूहळू घासला तर खालचा निळा सापडेल. रविवारी सकाळी मी बॉनेटपासून सुरुवात केली. फडकं पिवळं होऊ लागलं. अर्ध्या तासाने एका जागी पिवळ्यात काहीतरी काळसर दिसलं. मला वाटलं, गंज. आणखी घासलं. काळ्या बारीक रेघा. आणखी थोडं घासलं आणि थांबलो. ती अक्षरं होती. उलटी अक्षरं.

मी आतून दाढीचा आरसा आणला. आई मागोमाग बाहेर आली. आरसा धरल्यावर वाचता आलं : 'तांदूळ', आणि खाली 'बाजार', आणि त्याच्या बाजूला आकड्यांची ओळ, पण आकडे माझ्याच हातून घासले गेले होते.

"अरे बाबू," आई म्हणाली, "रंग ओला होता तवा वारं सुटलं. कागद उडाला अन् रंगावर जाऊन बसला. तू डबा टाकून कागद धरायला धावला. तुझ्या बाबांनं कागद काढला, तं अक्षरं उमटली होती."

"मग?"

"मग काय! मी म्हटलं, पुसून टाका, लोक हसतील. ते म्हणाले, राहू दे, भाव चांगला आहे. अन् वरून आणखी एक हात पिवळा मारला."

डबा मी टाकला होता तर. अडतीस वर्षं माझ्या मनात मी तो नीट धरून उभा होतो.

आई आत गेली. मी फडकं धुतलं आणि दोरीवर टाकलं. मग बसून एक हिशेब केला. बाबा ज्या पद्धतीने घसारा लावत तिला आम्ही घटत्या शिल्लकेची पद्धत म्हणतो. दरवर्षी मूळ किमतीवर नव्हे, उरलेल्या किमतीवर टक्के कापायचे. आज मोटारीला आयकरात साधारण पंधरा टक्के दर आहे. समजा एक लाखाची वस्तू आहे. पन्नास वर्षं दरसाल उरलेल्या रकमेतून पंधरा टक्के कापत जा. किती उरतं? मी दोनदा गुणाकार केला. सुमारे साडेएकोणतीस रुपये. आणि पुढेही कितीही वर्षं कापा, उत्तर कधी शून्य येत नाही. 'शून्य कोण म्हणालं तुला?' असं बाबा का म्हणाले, ते मला बी. कॉम. झाल्यावर चोवीस वर्षांनी कळलं.

व्हिंटेजचा अर्ज मी केला नाही. साध्या नोंदणीचे दहा हजार भरले. घरात त्यावर चर्चा झाली, ती इथे सांगत नाही. तिसरा दिवाही मिस्त्रींनी परत बसवून दिला. जुनी, भोक पडलेली जाळी त्यांनी फेकली नव्हती. "मले ठाऊक होतं," म्हणाले. पट्ट्यावर घासलेल्या जागी मी फक्त मेण लावलं आहे. पॉलिश नाही. अक्षरं तशीच आहेत.

आता रविवारी नागऱ्याला गाडी उभी केली की एखादं पोर बॉनेटजवळ येतं आणि विचारतं, "काका, हे काय लिहिलं आहे?" मी गाडीच्या खणातून आरसा काढून देतो. परवा एकाने वाचून विचारलं, "भाव किती होता?" मी म्हटलं, चांगला होता.